गुल्पिलिलच्या अभिनयाला 'नैसर्गिक' म्हणू नका

डेव्हिड गुल्पिलिलवर लिहिलेलं काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन-चार ओळींतच 'नैसर्गिक अभिनेता' हा शिक्का येतो. मारणाऱ्याने तो कौतुकानेच मारलेला असतो, पण त्यात एक गोम आहे. आपल्याकडे तमाशातला सोंगाड्या 'उपजत' असतो आणि नाट्यशाळेतून आलेला नट 'तयारीचा' असतो, त्यातलीच ही वाटणी. सोंगाड्याने फडावर वीस वर्षं घासलेली कुणाच्या हिशेबात नसतात. गुल्पिलिलच्या बाबतीत तर तयारी डोळ्यांपुढे आहे, पडद्यावर दिसते, आणि तरी तिला तयारी म्हणायचं राहून जातं.

गुल्पिलिल या नावाचा अर्थ खंड्या पक्षी. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहम लँड नावाचा प्रदेश आहे, तिथल्या योलंगू लोकांपैकी मंधालपिंगू कुळातला हा. जन्म साधारण 1953 चा. तारीख कागदोपत्री 1 जुलै लागते, पण ती अंदाजाने घातलेली. बालपण रानात गेलं आणि शाळा मानिंग्रिडाच्या वस्तीत झाली, तीही जेमतेम. लिहिणं-वाचणं पुढेही त्याचं कधी झालं नाही. नाच मात्र कळत्या वयापासून होता.

हा नाच हौसेचा नव्हे, विधीतला. एकजण यिदाकी फुंकतो (बाहेरचं जग त्याला डिजेरिडू म्हणतं), दुसरा बिल्मा म्हणजे लाकडी टिपऱ्या वाजवत गातो. नाचणारा कांगारू, सारस किंवा मासा होतो. कुठलं गाणं कुठल्या कुळाचं, ते कुणी नाचायचं, हे ठरलेलं असतं. टिपरीच्या शेवटच्या ठोक्यावर अंग जिथे असेल तिथे गोठवायचं. तो ठोका चुकला तर भोवती बसलेल्या वडीलधाऱ्यांना लगेच कळतं. अंग कधी हलवायचं आणि कधी अजिबात हलवायचं नाही, याची एवढी कडक तालीम झालेला मुलगा सोळाव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि लोक म्हणाले, काय नैसर्गिक आहे हो!

1969 मध्ये ब्रिटिश दिग्दर्शक निकोलस रोग (आडनावाचा उच्चार खरंच 'रोग' असाच) जागा शोधत मानिंग्रिडाला आला. त्याला एक आदिवासी तरुण हवा होता. 'वॉकअबाउट'ची संहिता जेमतेम 14 पानांची होती. वाळवंटात अडकलेली दोन गोरी भावंडं आणि त्यांना वाट दाखवणारा हा मुलगा, एवढीच गोष्ट. गुल्पिलिलला तेव्हा इंग्रजी नावालाच येत होतं. तो आपल्या भाषेत बोलतो आणि ते संवाद खाली उतरवलेले नाहीत, त्यामुळे त्या दोन मुलांइतकेच आपणही अडाणी राहतो.

शेवटाकडचा ओसाड घराजवळचा नाच नीट बघा. अंगावर रंग, डोक्यात पिसं. तो मुलीसाठी नाचतोय, मागणी घालतोय. तिला ते कळत नाही, ती घाबरून आत लपते. तो थांबत नाही. या प्रसंगात पायांपेक्षा मान बघण्यासारखी आहे. पक्ष्यासारखी झटक्याने वळते आणि मध्येच ठार थांबते. दमत जातो तशी पावलं जड होतात, पण मानेचा तो झटका शेवटपर्यंत तसाच राहतो. कुणा नृत्यदिग्दर्शकाने बसवावं असं हे काम नाही. घरून आणलेलं आहे.

1971 मध्ये सिनेमा फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाला गेला, पाठोपाठ हा मुलगाही जग फिरून आला. श्रेयनामावलीत त्याचं आडनाव छापलं होतं 'गम्पिलिल'. एका अक्षराची चूक. निर्मितीतल्या इतक्या माणसांत ती कुणाच्या नजरेला खटकली नाही.

सत्तरच्या दशकातलं काम भरभर सांगतो. 'मॅड डॉग मॉर्गन'मध्ये (1976) डेनिस हॉपरचा साथीदार. त्याच वर्षी 'स्टॉर्म बॉय'मध्ये फिंगरबोन बिल. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कूरोंग किनाऱ्यावरची एका मुलाची आणि पाणकोळ्याची गोष्ट आहे ती, तिथल्या एका अख्ख्या पिढीने शाळकरी वयात पाहिलेली. 1977 मध्ये पीटर वेअरचा 'द लास्ट वेव्ह'. यात तो सिडनीत राहणारा, शर्ट-पँटमधला आदिवासी आहे, आणि माझ्या मते सुरुवातीच्या सिनेमांत हाच त्याच्या कामाचा सगळ्यात चांगला पुरावा. रान नाही, भाला नाही, नाच नाही. टेबलापलीकडे बसून तो समोरच्या गोऱ्या वकिलाकडे नुसता पाहतो आणि वकील आपलंच बोलणं विसरतो.

'क्रोकोडाइल डंडी'मध्ये (1986) काम मिनिटांचं आहे, पण विनोदाचं टायमिंग शिकायचं असेल तर ते पुन्हापुन्हा बघावं. अमेरिकन पत्रकार बाई रानात रात्री त्याचा फोटो काढायला जाते. तो गंभीरपणे म्हणतो, फोटो काढता येणार नाही. ती ओशाळून विचारते, तुमचा आत्मा जातो असं मानता का? तो म्हणतो, नाही, कॅमेऱ्याचं झाकण काढायचं राहिलंय. यात जादा चेहरा केला तर विनोद मरतो. तो काहीच करत नाही. तिचा समज तो तिच्या तोंडून पुरता बाहेर येऊ देतो आणि मग ज्या सुरात 'नाही' म्हटलं त्याच सुरात झाकणाचं सांगतो.

आता 2002. हे वर्ष नीट बघायला हवं, कारण या एका वर्षात त्याने दोनदा एकच भूमिका केली आणि दोन्ही वेळा वेगळी केली. भूमिका माग काढणाऱ्याची. ऑस्ट्रेलियातल्या वसाहती पोलिसांनी आदिवासींनाच पगारी माग काढायला ठेवलं होतं, बहुतेकदा दुसऱ्या आदिवासींच्या मागावर. आपल्याकडे चोराचा माग गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवणाऱ्या जागल्या-रामोश्यांची आठवण येईल, पण तिथे ज्याचा माग काढायचा तो बहुधा आपल्यातलाच असे.

माग काढण्याचं तंत्र थोडं कळलं तर दोन्ही सिनेमे वेगळे दिसतात. सकाळी आणि उतरत्या उन्हात काम सोपं, कारण तिरपा प्रकाश ठशाच्या कडेची सावली पाडतो. भर दुपारी तोच ठसा सपाट दिसतो आणि हरवतो. मागावरून चालायचं नाही, त्याच्या बाजूने चालायचं. पुसला गेला तर पुन्हा मागे येऊन तपासणार काय? उलटलेल्या दगडाची ओली, गडद बाजू वर दिसली तर तो नुकताच उलटलाय. आणि नजर पायाशी ठेवायची नाही, पुढे ठेवायची, म्हणजे एकेक ठसा न दिसता अख्खी रेघ दिसते. माग काढायचं नाटक करणारा नट हमखास खाली वाकतो, चिमूटभर माती उचलतो, वास घेतो. गुल्पिलिल सहसा सरळ उभा असतो.

'रॅबिट-प्रूफ फेन्स' 1931 मधल्या खऱ्या घटनेवर आहे. सरकारने आईपासून तोडून मूर रिव्हरच्या वसाहतीत नेलेल्या तीन मुली तिथून पळतात आणि सशांना अडवायला बांधलेल्या कुंपणाच्या आधाराने सुमारे 1600 किलोमीटरवरच्या आपल्या घराच्या, जिगलाँगच्या दिशेने चालत सुटतात. गुल्पिलिल त्यांच्या मागावरचा मूडू. त्याची स्वतःची मुलगी त्याच वसाहतीत आहे. संवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मोठी मुलगी हुशार आहे, माग लपवते आहे, हे त्याला कळतं. त्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे येतं ते कौतुक की सुटका, हे दिग्दर्शक फिलिप नॉइसने आपल्यावर सोडलंय.

रॉल्फ डी हीरचा 'द ट्रॅकर' 1922 मध्ये घडतो. तीन गोरे घोड्यावर आणि पुढे पायी हा. पात्रांना नावंच नाहीत: माथेफिरू, नवखा, जुनाजाणता आणि माग्या. इथे गुल्पिलिल भरपूर बोलतो, हसतो, 'होय साहेब' करतो, आणि त्या प्रत्येक हसण्याखाली हिशेब चालू असतो. हिंसेच्या जागी डी हीरने पीटर कोडची चित्रं दाखवली आहेत आणि वर आर्ची रोचची गाणी. रक्त दिसत नसल्यामुळे लक्ष गुल्पिलिलच्या चेहऱ्यावरून हलत नाही. या कामाला ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. आणि ही त्याची पहिली मुख्य भूमिका! 'वॉकअबाउट'नंतर 31 वर्षांनी. मधली सगळी वर्षं तो दुसऱ्यांच्या गोष्टींत वाट दाखवत होता.

रंगभूमीवरचं मोठं काम 2004 चं. अॅडलेड महोत्सवात 'गुल्पिलिल' नावाचा एकपात्री प्रयोग झाला. नील आर्मफिल्डचं दिग्दर्शन, लेखन रेग क्रिब आणि स्वतः गुल्पिलिलचं. एकपात्री म्हटलं की मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही: एक माणूस, त्याची जन्मकथा, समोर हसणारे-गप्प होणारे लोक. पण कॅमेऱ्यात मुरलेल्या नटाला इथे एक अडचण येते. पापणी न हलवता पाहणं क्लोजअपमध्ये अंगावर येतं, शेवटच्या रांगेत मात्र पोचतच नाही. तिथे अख्खं शरीर लागतं, आवाज लागतो, आणि गोष्ट रंगवून सांगण्याची ऐट लागते. याच्याकडे या तिन्ही गोष्टी कॅमेऱ्याच्या आधीपासून होत्या. त्याच वर्षी क्रेग रडीने काढलेल्या त्याच्या व्यक्तिचित्राला आर्चिबाल्ड हे व्यक्तिचित्रांसाठीचं ऑस्ट्रेलियन पारितोषिक मिळालं, आणि हे रंगचित्र की कोळशाचं रेखाटन यावरून कज्जा कोर्टात गेला. 2006 मध्ये तो फेटाळला गेला.

आता 'टेन कनूज' (2006). इथे जरा बैठक मारून बसू, कारण मूळ कल्पना गुल्पिलिलची होती आणि हा सिनेमा कसा बनला ते सिनेमाइतकंच वाचनीय आहे.

डोनल्ड थॉमसन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात आर्नहम लँडमध्ये हजारो फोटो काढले. त्यातला एक 1937 चा: आराफुरा पाणथळीत सालीच्या होड्यांत उभे असलेले दहा पुरुष. गुल्पिलिलने तो फोटो डी हीरपुढे ठेवला आणि म्हणाला, दहा होड्या लागतील. सिनेमाचं नाव तिथूनच आलं.

पहिली अडचण नट निवडण्याची. योलंगूंचं सगळं जग धुवा आणि यिरित्जा अशा दोन अर्ध्यांत वाटलेलं आहे: माणसं, प्राणी, जागा, सगळं. लग्न समोरच्या अर्ध्यातच व्हायला हवं. आपल्या सगोत्र-विगोत्रासारखं म्हणता येईल, फक्त गोत्रं दोनच आणि नियम पडद्यावरही लागू. म्हणजे पडद्यावरचे नवरा-बायको प्रत्यक्षातही लग्नाला चालतील अशाच नात्यातले हवेत. शिवाय फोटोतली माणसं कुणाची आजे-पणजे आहेत हे रामिंगिनिंगच्या, म्हणजे तिथल्या योलंगू वस्तीच्या लोकांना ठाऊक, तेव्हा त्या जागी उभं कुणी राहायचं याचा हक्कही ठरलेला. एवढ्या चाळण्यांतून गेल्यावर एखाद्या भूमिकेला एखादाच माणूस उरतो. ऑडिशन घेणार कुणाची? मुख्य तरुणाची जोडभूमिका गुल्पिलिलच्या मुलाने, जेमीने केली.

दुसरी अडचण होड्यांची. ही विद्या वापरातून गेली होती, म्हाताऱ्यांच्या आठवणी आणि थॉमसनचे फोटो एवढंच हाताशी. कृती अशी: युकॅलिप्टसच्या 'स्ट्रिंगीबार्क' जातीच्या झाडाची साल लांबच लांब एका तुकड्यात काढायची. पावसाळ्यात रस चढलेला असताना ती सुटून येते, कोरड्या दिवसांत खोडाला धरून बसते आणि ओढली तर चिरते. मग विस्तवावर शेकून नरम करायची, दोन्ही टोकं दुमडून शिवायची, आत काटक्यांच्या आडव्या ताणी देऊन पोट फाकवायचं. टोकाची शिवण ढिली राहिली की पाणी तिथूनच येतं. पुढे उभ्याने वल्हवायचं, म्हणजे तोल नवा शिकायचा. पाण्यात जळवा आणि मगरी. चित्रीकरणाची माणसं तासन् तास कमरेएवढ्या पाण्यात, आणि मगरींवर नजर ठेवायला वेगळे पहारेकरी. सिनेमातली माणसं रात्री झाडांत माच बांधून झोपतात. ती सजावट नाही, थॉमसनच्या फोटोंतही ते माच आहेत.

तिसरी अडचण गोष्टीची, आणि तिच्यावरचा तोडगा मला सगळ्यात आवडतो. वस्तीला हंसांची अंडी गोळा करायच्या मोहिमेचा सिनेमा हवा होता, पूर्वजांना शोभेल असा, भांडणतंटा नसलेला. दिग्दर्शकाला नाट्य हवं. मग दोन काळ केले. अंडी गोळा करण्याचा काळ कृष्णधवल, थेट थॉमसनच्या फोटोंसारखा. त्यात थोरला भाऊ धाकट्याला एक जुनी गोष्ट सांगतो, कारण धाकट्याचा डोळा थोरल्याच्या तिसऱ्या बायकोवर आहे. ती पुराणकाळातली गोष्ट रंगीत, आणि भांडण, पळवापळवी, भाले सगळं तिच्यात. एरवी सिनेमात जुनं ते कृष्णधवल असतं, इथे जितकं जुनं तितकं रंगीत.

गुल्पिलिल स्वतः पडद्यावर नाही, निवेदन त्याचं आहे. सुरुवातीला तो परीकथेसारखं 'एकदा काय झालं' करतो आणि लगेच खो खो हसून सांगतो, गंमत केली. पुढचा दीड तास हा आवाज आपल्याला घाई करू देत नाही. संवाद गनलबिंगू आणि इतर योलंगू भाषांत. दिग्दर्शकाला त्या येत नव्हत्या, सहदिग्दर्शक पीटर जिगिर वस्तीतलाच. सिनेमाच्या तीन आवृत्त्या निघाल्या: इंग्रजी निवेदनाची, योलंगू निवेदन आणि इंग्रजी उपशीर्षकांची, आणि तिसरी कसलीही उपशीर्षकं नसलेली, घरच्यांसाठी. कानला 'अँ सर्तँ रगार' विभागात ज्यूरीचा विशेष पुरस्कार मिळाला. पहिल्यांदा बघताना इंग्रजी निवेदनाचीच आवृत्ती घ्या, नाहीतर गुल्पिलिलचं हसू हुकेल.

यानंतरचा भाग लपवून चालणार नाही. बाज लर्मनच्या 'ऑस्ट्रेलिया'मध्ये (2008) त्याने किंग जॉर्ज केला, जगभर पोस्टर लागले, आणि घर रामिंगिनिंगच्या पत्र्याच्या खोलीतच राहिलं. मधूनमधून तो डार्विनमध्ये उंच गवतात, उघड्यावर राहणाऱ्या दारुड्यांच्या घोळक्यात असे. 2011 मध्ये बायकोचा हात मोडल्याबद्दल त्याला बारा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्यावरच्या काही लेखांत हे वाक्य सापडत नाही, पण ते गाळलं तर पुढचा सिनेमा समजत नाही.

डी हीर त्याला तुरुंगात भेटायला गेला आणि तिथे 'चार्लीज कंट्री'ची बोलणी सुरू झाली. लेखनाचं श्रेय दोघांचं. गुल्पिलिल कागदावर लिहीत नव्हता, तो सांगत गेला आणि त्यातून संहिता झाली. काळ 2007 नंतरचा, केंद्र सरकारने नॉर्दर्न टेरिटरीतल्या आदिवासी वस्त्यांत दारूबंदीपासून पोलिसांपर्यंत सगळं स्वतःच्या हातात घेतल्यानंतरचा. परवाना नाही म्हणून चार्लीची बंदूक जप्त होते. मग तो भाला तासतो. तोही 'धोकादायक हत्यार' म्हणून जप्त. मग तो रानात निघून जातो आणि पावसात आजारी पडतो. डार्विनचं इस्पितळ, उंच गवत, दारू, तुरुंग.

तुरुंगात त्याचे केस आणि दाढी उतरवतात तो शॉट जवळून बघा. कॅमेरा चेहऱ्यावर स्थिर. यंत्र फिरतं, पांढरे पुंजके पडत जातात. असला शॉट दुसऱ्यांदा घेता येत नाही, केस परत येत नाहीत. नटाला यात करण्यासारखं काही नसतं, आणि नवखा नट नेमका इथेच काहीतरी करतो: ओठ आवळतो, डोळ्यांत पाणी आणतो. गुल्पिलिल कॅमेऱ्याच्या दिशेने पाहत राहतो. टिपरीचा शेवटचा ठोका पडल्यावर गोठायचं, हे ज्याला लहानपणी शिकवलंय त्याचं हे काम आहे. 2014 मध्ये कानला त्याच 'अँ सर्तँ रगार' विभागात सर्वोत्तम अभिनेता म्हणून त्याचं नाव पुकारलं गेलं. सिनेमाच्या शेवटी चार्ली वस्तीतल्या पोरांना नाच शिकवतो. 'वॉकअबाउट'मधला नाच आणि हा नाच लागोपाठ लावून बघा. मानेचा झटका तोच आहे, फक्त आता पुढे उभ्या पोरांकडे तो कुणाला जमतंय हे शोधत बघतो.

2017 मध्ये फुप्फुसाचा कर्करोग निघाला. तरी 2019 च्या नव्या 'स्टॉर्म बॉय'मध्ये त्याने काम केलं, या वेळी फिंगरबोन बिलच्या बापाचं. 2021 मध्ये मॉली रेनॉल्ड्सचा 'माय नेम इज गुल्पिलिल' हा माहितीपट आला. त्यात तो कॅमेऱ्याशी सरळ बोलतो, आपल्या मरणाबद्दलही. 29 नोव्हेंबर 2021 ला दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मरे ब्रिज इथे तो गेला. गेलेल्या माणसाचं नाव काही काळ उच्चारायचं नाही, अशी त्याच्या लोकांची रीत. म्हणून सुरुवातीच्या बातम्यांत त्याला डेव्हिड दलैथंगू म्हटलेलं आढळेल. पुढे घरच्यांनी परवानगी दिली आणि गुल्पिलिल हे नाव परत घेता येऊ लागलं. मरे ब्रिजपासून त्याचं गाव देशाच्या दुसऱ्या टोकाला. देह हजारो किलोमीटर उत्तरेला नेला आणि रामिंगिनिंगजवळ गुपुलुल इथे, त्याच्या कुळाच्या जमिनीत पुरला. त्या प्रवासाचाही एक माहितीपट झाला आहे, 'जर्नी होम, डेव्हिड गुल्पिलिल'. नाव यात बरोबर लिहिलंय.